कुत्रा व मांजर यांचे मूत्ररोग

खळ्याची व गोठ्याची राखण करणारा कुत्रा आणि कणगीतील धान्य उंदरांपासून वाचविणारे मांजर ही दोन जनावरे शेतकऱ्याच्या घरी बिनपगारी चाकरी करीत असतात. तथापि जनावरांच्या आरोग्याचा विचार निघाला म्हणजे बैल, गाय, म्हैस, शेळी यांच्यापुढे आपली मजल सहसा जात नाही. बैलाचे मूत्र अडले तर त्याच दिवशी पशुवैद्यास बोलावण्यात येते. कारण बैल गेला तर पेरणी बुडते, हे कोणास सांगावे लागत नाही. तोच विकार घरच्या बोक्यास झाला तर 'उद्या पाहू' असे म्हणण्यात येते, आणि उद्या पाहावयास जनावर उरत नाही. मूत्राचे विकार या दोन्ही प्राण्यांत पुष्कळ आढळतात. त्यांपैकी कित्येक वेळीच ओळखले तर सहज बरे होतात. परंतु एक-दोन असे आहेत की त्यांत एका दिवसाची हयगयही प्राणघातक ठरते. पशुवैद्याचे काम शेतकऱ्याने स्वतः करावे असा आमचा उद्देश नाही. रोग्यास केव्हा न्यावे आणि नेल्यावर काय सांगावे, एवढे घरधन्यास कळले म्हणजे निम्मे काम झाले असे आम्ही समजतो.

प्रथम रचना थोडक्यात सांगतो. मूत्रपिंडे रक्त गाळून मूत्र तयार करितात. ते दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयात साठते व तेथून मूत्रमार्गाने बाहेर पडते. मादीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्यामुळे बाहेरील जंतूंस आत शिरणे सोपे जाते. म्हणून कुत्रीस मूत्राशयाचा दाह वारंवार होतो. नराचा मार्ग लांब व अरुंद, म्हणून त्याच्या वाट्यास अडथळा येतो. बैलाच्या मूत्रमार्गास जे नागमोडी वळण असते तेथे त्याचा खडा अडतो, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. कुत्र्यात वळणाचे काम एक हाड करते. त्याच्या शिश्नात लहानसे हाड असून त्या हाडाच्या पन्हळीतून मूत्रमार्ग जातो. हाड फाकत नाही, म्हणून मूत्राशयातून सुटलेला खडा हाडाच्या मागच्या टोकाशी येऊन बसतो. बोक्याचा मार्ग तर टोकाकडे इतका निमुळता होतो की, बारीक रेती व चिकट स्राव यांचे मिळून झालेले बूचसुद्धा तो बंद करण्यास पुरे होते.

बोक्याचे मूत्र अडणे

नेहमी घडते ते असे. बोका कोपऱ्यात अथवा राखेच्या ढिगावर वारंवार बसतो, पाठ कमानीसारखी करून कुंथतो, मधूनच ओरडतो, उठून शेपटीखालचा भाग चाटतो आणि पुन्हा बसतो. घरची माणसे म्हणतात, त्याचा कोठा साफ होत नाही. मग कोणी एरंडेल पाजतो, कोणी तूप चाटवितो. वास्तविक त्याचे मूत्र अडलेले असते. कुंथणे दिसले की पहिला प्रश्न शौचाचा नव्हे, लघवीचा विचारला पाहिजे. लघवी होते की नाही? होत असल्यास धार आहे की थेंब? शेवटची केव्हा झाली?

गावातील मांजर बाहेर जाऊन माती उकरून लघवी करते व झाकून टाकते. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाजवळच नसते. संशय येताच बोक्यास एका खोलीत कोंडावे व घमेल्यात कोरडी बारीक माती घालून ते तेथे ठेवावे. लघवी झाली तर मातीचे ओले ढेकूळ बांधते. तीन-चार तासांत तो अनेकदा घमेल्यात जाऊन बसला आणि माती कोरडीच राहिली, तर निदान जवळजवळ झाले असे समजावे. हलक्या हाताने पोटाखालून, मागील पायांच्या किंचित पुढे चाचपल्यास लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा लागतो. तो भरलेला मूत्राशय होय. हा गोळा दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ताणलेला मूत्राशय फुटतो, आणि मग उपाय फारच थोडा उरतो.

मूत्र अडल्यावर शरीरात काय घडते हे समजले म्हणजे घाई कशासाठी करावयाची ते कळेल. मूत्रावाटे बाहेर जावयाची घाण रक्तात साचू लागते. त्यातही पोटॅशियम नावाचा क्षार वाढला की हृदयाची गती मंदावते. पहिल्या दिवशी बोका केवळ बेचैन असतो. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू होतात, खाणे सुटते, अंग थंड पडते, आणि तो कुंथणेही सोडून निपचित पडून राहतो. याच वेळी पुष्कळांस वाटते की आता त्याला आराम पडला! दोन ते तीन दिवसांत हृदय बंद पडून तो मरतो. म्हणून अशा बोक्यास रात्रीची वेळ असली तरी सकाळची वाट न पाहता न्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. वाटेत अन्न व पाणी बळेच पाजू नये. पोत्यात न घालता हवा खेळणाऱ्या टोपलीत न्यावे.

दवाखान्यात काय करितात तेही ठाऊक असावे, म्हणजे खर्चाविषयी व वेळेविषयी गैरसमज होत नाहीत. शिरेतून क्षारयुक्त पाणी देतात. हृदय मंदावले असल्यास ते सावरण्यासाठी कॅल्शियमचे औषध टोचतात. मग गुंगी देऊन बारीक नळी मूत्रमार्गात घालून अडथळा पाण्याने धुऊन काढितात व नळी एक ते तीन दिवस तशीच ठेवितात. कधी तत्पूर्वी पोटावरून सुई घालून मूत्राशय रिकामा करितात. अडथळा निघाल्यावर लघवीचा लोंढा सुरू होतो व त्यात शरीरातील पाणी एकदम जाते. म्हणून लघवी झाली की लगेच घरी नेण्याची घाई करू नये. पुढील काही आठवड्यांत मार्ग पुन्हा बंद होण्याचा धोका बराच असतो. पुनःपुन्हा असे झाल्यास निमुळते टोक कापून मार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया करितात व ती बहुतांशी यशस्वी होते.

पळसाच्या फुलांचा शेक, गोखरूचा काढा, सोरा हे उपाय आपल्याकडे परंपरेने चालत आलेले आहेत. शेकाने ओटीपोटास क्षणिक आराम वाटत असेल, त्याविषयी आमचा वाद नाही. परंतु मार्गात बूच बसले असता लघवी वाढविणारे कोणतेही औषध देणे म्हणजे पाटाचे दार बंद ठेवून मोटेचे पाणी सोडीत राहण्यासारखे आहे. पाट फुटल्यावाचून राहणार नाही. सोरा तर स्वतःच पोटॅशियमचा क्षार आहे, आणि अशा बोक्याच्या रक्तात पोटॅशियमच मारक होऊन बसलेले असते.

मार्ग बंद नसताही मांजर वारंवार बसते, थेंबथेंब लघवी करिते व तीत रक्त दिसते, असाही एक प्रकार आहे. तरुण मांजरांत या दाहामागे जंतू क्वचितच असतात. घरात नवीन कुत्रा आला, लग्नघराची गर्दी झाली, नेहमीची जागा बदलली, अशा त्रासाने तो उद्भवतो व बहुधा आठवड्याभरात आपोआप शमतो. अशा मांजरास जंतुनाशक औषधांचा मारा करण्यात अर्थ नाही. वेदना कमी करणारे योग्य औषध, शांत जागा व भरपूर पाणी पुरे होते. उंदीर मारून खाणाऱ्या मांजरास भक्ष्यातूनच पुष्कळ पाणी मिळते. हल्ली पुडीतील कोरडे दाणे देण्याची पद्धत खेड्यांतही शिरली आहे. ते द्यावयाचेच तर पाण्यात भिजवून द्यावेत. नर असेल तर मात्र हा साधा दाह आहे की मार्ग बंद होत आहे, याची खात्री पशुवैद्याकडूनच करून घ्यावी.

कुत्र्याचा मूतखडा व मूत्राशयाचा दाह

कुत्रा पुनःपुन्हा पाय वर करितो, थांबतो, आणि धार न येता थेंब पडतात. काही कुत्री पाय वर करणे सोडून मादीप्रमाणे बसू लागतात. खडा हाडापाशी अडल्याचे हे लक्षण होय. पशुवैद्य मूत्रमार्गात नळी घालून पाण्याच्या जोराने खडा मागे मूत्राशयात ढकलतात व नंतर पोट उघडून सर्व खडे काढितात. मार्ग पूर्ण बंद झाला तर कुत्र्यासही बोक्याइतकाच धोका असतो.

खड्यांच्या जाती पुष्कळ आहेत. त्यांत दोन मुख्य. एक मॅग्नेशियम, अमोनिया व फॉस्फेट यांचा. कुत्र्यात तो बहुधा जंतूंच्या प्रादुर्भावामुळे होतो, म्हणून कुत्रीत अधिक आढळतो, आणि मार्ग मोकळा असल्यास जंतुनाशक औषध व विशेष आहार यांनी काही आठवड्यांत विरघळूनही जातो. दुसरा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा. तो कोणत्याही औषधाने विरघळत नाही, काढावाच लागतो. म्हणून 'मूतखडा विरघळविणारी' म्हणून विकली जाणारी बाटली दोन्ही खड्यांवर एकाच ग्वाहीने दिली जाते, तेव्हा तिजवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. काढलेला खडा फेकून न देता तपासणीस द्यावा, म्हणजे पुन्हा तो होऊ नये यासाठी काय खाऊ घालावे हे ठरविता येते.

कुत्रीस दाह झाला म्हणजे ती वारंवार थोडी थोडी लघवी करिते, कधी झोपेत गळते, लघवीस दुर्गंधी येते. मूत्र तपासून योग्य जंतुनाशक औषध दिल्यास ती सहसा लवकर बरी होते. औषध मध्येच सोडू नये व दुसऱ्या जनावराचे उरलेले औषध देऊ नये. तसे केल्याने जंतू औषधास दाद देईनासे होतात.

मूत्राचा नमुना नीट घेणे ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाही. सकाळची पहिली लघवी घ्यावी. कुत्र्यासाठी लांब दांड्याची पळी व कुत्रीसाठी पसरट ताटली उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करून वापरावी. नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत भरावा. औषधाची, लोणच्याची किंवा तेलाची बाटली चालत नाही. तासाभरात तो दवाखान्यात पोहोचला पाहिजे; तसे शक्य नसल्यास थंड जागी ठेवावा. जंतूंची निश्चित तपासणी करावयाची असल्यास पशुवैद्य पोटावरून सुईने मूत्र काढितात. त्यास हरकत घेऊ नये, कारण जमिनीवरची व केसांतली घाण टाळण्याचा तोच मार्ग आहे.

तांबडी लघवी

लघवी तांबडी दिसली म्हणजे रक्तच असते असे नाही. काचेच्या पेल्यात ती दोन-तीन तास न हलविता ठेवावी. लाली तळाशी बसून वरचे मूत्र बरेचसे निवळले, तर रक्तस्राव आहे. तो खड्याचा, दाहाचा किंवा क्वचित गाठीचा असू शकतो. लाली जशीच्या तशी राहिली, किंवा रंग काळ्या चहासारखा असला, तर रक्तातील तांबडे कण शरीरातच फुटत आहेत असा संशय घ्यावा. गाई-बैलांस गोचिडांमुळे ताप येऊन लघवी तांबडी होते हे शेतकऱ्यांस माहीत आहे. कुत्र्यांतही गोचिडांपासून तसाच ताप होतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रा सुस्त होतो. येथे मूत्राशयाची औषधे निरुपयोगी. रक्त तपासून गोचीडतापाचे औषध दिले पाहिजे. हळदीसारखी गडद पिवळी लघवी काविळीची निदर्शक असून तिजविषयी पुढे सांगू.

मोकळ्या हिंडणाऱ्या कुत्र्याच्या शिश्नाच्या खोळीतून, लघवीचा वेळ सोडूनही रक्ताचे थेंब गळत असतील, तर खोळ मागे सारून पाहावी. पुष्कळदा आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लाल, ठिसूळ गाठ असते. ही गाठ जोड लागण्याच्या वेळी एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाते. कुत्रीच्या योनिमार्गातही ती होते. नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजते हे १८७६ साली प्रयोगाने दाखविले. हा एक प्रकारचा कर्करोगच आहे, परंतु असा की आठवड्यास एक याप्रमाणे व्हिंक्रिस्टीनची चार-सहा इंजेक्शने दिली असता बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. कर्करोग हा शब्द ऐकून कुत्र्यास रानात सोडून देण्याचे काही कारण नाही.

प्रोस्टेट ग्रंथी

नराच्या मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गास वेढून असलेली ही ग्रंथी वीर्याचा द्रव भाग तयार करिते. खच्ची न केलेल्या कुत्र्यात ती वयाबरोबर वाढत जाते. पाच-सहा वर्षांपुढील बहुतेक अशा कुत्र्यांत ती थोडीबहुत वाढलेली आढळते, मात्र सर्वांसच त्रास होतो असे नाही. आता येथे एक चमत्कारिक फरक आहे. म्हाताऱ्या मनुष्याची प्रोस्टेट वाढली म्हणजे ती मूत्रमार्ग आवळते व लघवी अडते. कुत्र्याची ग्रंथी बाहेरच्या अंगास वाढते व वरील गुदांत्रावर दाब आणते. त्यामुळे कुत्र्यास लघवीपेक्षा शौचास अधिक त्रास होतो. तो फार वेळ कुंथतो व शौच फितीसारखे चपटे पडते. म्हणजे बोका कुंथतो तेव्हा शौचाचा संशय घेऊन आपण फसतो, आणि म्हातारा कुत्रा खरोखरच शौचास कुंथतो तेव्हा मूळ मूत्रमार्गापाशीच्या ग्रंथीत असते! शिश्नातून अधूनमधून रक्ताचे थेंब पडणे हे दुसरे लक्षण. सतत कुंथून शेपटीच्या बाजूस फुगवटा आला, तर आतील स्नायू सुटून अंतर्गळ झाला असे समजावे व ताबडतोब दाखवावे, कारण त्या फुगवट्यात कधी मूत्राशय उलटून अडकतो.

परीक्षा सोपी आहे. पशुवैद्य हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. साध्या वाढीत ती दोन्ही बाजूंस सारखी, गुळगुळीत व न दुखणारी लागते. ध्वनिलहरींच्या यंत्राने आतील पोकळ्या व गाठी दिसतात. उपचारही सोपा, आणि बैल खच्ची करणाऱ्या शेतकऱ्यास तो नवा वाटू नये: कुत्र्याचे वृषण काढून टाकणे. ग्रंथीची वाढ वृषणांतील स्रावावर पोसते. तो थांबला की तीन आठवड्यांत ती सुमारे निम्म्यावर येते व पुढेही आक्रसत जाते. शिकागो येथील चार्ल्स हगिन्स यांनी हा संबंध कुत्र्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट केला. त्यातून मनुष्याच्या प्रोस्टेट-कर्करोगावर उपचार निघाला व त्याबद्दल त्यांस १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पैदाशीसाठी राखलेल्या कारवानी किंवा पश्मी नरास खच्ची करणे नको असेल, तर फिनास्टेराइड नावाचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने देता येते. ते बंद केले की ग्रंथी पुन्हा वाढते. आमच्या मते पैदाशीचा हेतू नसेल तर औषधाच्या मागे लागू नये. खच्ची केलेला कुत्रा राखणीस निकामी होतो ही समजूत खरी नाही.

ग्रंथीस जंतूंचा प्रादुर्भाव झाला तर चित्र वेगळे दिसते. कुत्र्यास ताप येतो, पोट आखडून ताठर चालतो, कमरेस हात लावू देत नाही, खाणे सोडतो. कधी आत गळू होते. हा विकार तातडीचा आहे. जंतुनाशक औषध चार ते सहा आठवडे द्यावे लागते, व ग्रंथीच्या आत पोहोचणारीच औषधे उपयोगी पडतात. म्हणून दोन दिवसांत बरे वाटले की औषध बंद करणाऱ्यांस हा रोग पुन्हा गाठतो. बरे झाल्यावर खच्ची करून टाकणे उत्तम. खच्ची केलेल्या कुत्र्याची ग्रंथी मोठी लागली तर ती साधी वाढ नव्हे. तेथे कर्करोगाचा संशय घ्यावा, कारण खच्ची केल्याने तो टळत नाही. बोक्यात प्रोस्टेटचे विकार अत्यंत विरळा आढळतात.

मूत्रपिंडास अपाय करणारे पदार्थ

नाशिक व सांगली या जिल्ह्यांतील आमच्या बागाइतदार वाचकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. द्राक्षे व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास विषारी ठरतात. हे विष कोणत्या कुत्र्यास किती प्रमाणात बाधेल याचा नियम बसविता येत नाही. एखादा पुष्कळ खाऊन सुखरूप राहतो, दुसरा थोड्यात दगावतो. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे कारण असावे असे २०२१ पासून पुढे आले असून, तेच आम्ल ज्यात विपुल असते ती चिंच खाल्ल्यानेही कुत्री आजारी पडल्याचे आढळले आहे. खाल्ल्यापासून दिवसभरात ओकाऱ्या होतात, नंतर एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाऊन थांबते. बेदाण्याच्या शेडमध्ये कुत्रा सोडू नये. खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. पहिल्या काही तासांत ओकारी करवून व शिरेतून पाणी देऊन मूत्रपिंडे वाचविता येतात. घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी करवू नये. ते मीठच घात करिते.

माणसांच्या दुखण्यावरील गोळ्यांचेही तसेच. आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे व जठर बिघडतात. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. डायक्लोफिनॅक टोचलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि त्यावरून २००६ साली जनावरांसाठी त्या औषधाच्या वापरास आपल्या देशात बंदी झाली, हे वाचकांस स्मरत असेल.

म्हातारपणी मूत्रपिंडे हळूहळू झिजतात. सुमारे दोनतृतीयांश कार्यशक्ती गेल्याशिवाय बाहेर काही दिसत नाही. मग जनावर फार पाणी पिते, फार मुतते व वाळत जाते. हा रोग बरा होत नाही, परंतु पाणी सदा उपलब्ध ठेवून व आहार बदलून आयुष्य लांबविता येते. दहा किलो वजनाचे कुत्रे दिवसास एक लिटरहून अधिक पाणी पिऊ लागले तर ते प्रमाणाबाहेर आहे. मधुमेहातही असेच घडते. माजावर येऊन गेल्यानंतर एक-दोन महिन्यांच्या आत कुत्री फार पाणी पिऊ लागली व मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय घेऊन तिला त्वरित न्यावे.

उंदरांपासून येणारी कावीळ

शेवटचा रोग घरच्या माणसांपर्यंत पोहोचणारा आहे. लेप्टोस्पायरा नावाचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रावाटे ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात पडतात, आणि जखमेतून किंवा नाकातोंडाच्या त्वचेतून कुत्र्याच्या व माणसाच्या शरीरात शिरतात. हायडेलबर्गचे डॉक्टर वाइल यांनी माणसातील हा रोग १८८६ साली वर्णिला. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले तेही त्याच वर्षी. जंतूंचा शोध जपानात १९१५ साली लागला. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत व भातलावणीच्या दिवसांत कोकणात या तापाने माणसे दगावलेली आहेत.

कुत्र्यास ताप येतो, ओकाऱ्या होतात, अंग दुखल्यामुळे तो चालावयास नाखूष असतो. डोळे व हिरड्या पिवळ्या होतात. लघवी हळदीसारखी होते व पुढे कमी पडते, किंवा उलट फार होऊ लागते. मांजरे सहसा आजारी पडत नाहीत. पेनिसिलीन वर्गातील औषधाने किंवा डॉक्सिसायक्लिनने उपचार करितात, व मूत्रपिंडांत दडलेले जंतू निघून जावेत म्हणून डॉक्सिसायक्लिनचा पूर्ण क्रम द्यावा लागतो. अन्यथा बरा दिसणारा कुत्राही कित्येक आठवडे जंतू मूत्रावाटे टाकीत राहतो. प्रतिबंधक लस आहे. प्रथम तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा व पुढे दरवर्षी, शक्य तो पावसाळ्यापूर्वी, ती टोचून घ्यावी. लस जंतूंच्या सर्व जातींस पुरत नाही, म्हणून घुशींची बिळे बुजविणे व कुत्र्याच्या खाण्याचे भांडे रात्री उघडे न ठेवणे हेही करावे.

रोगी कुत्रा विहिरीपासून, पाण्याच्या टाकीपासून व गोठ्यापासून दूर, उन्हाच्या कोरड्या जागी बांधावा. त्याची लघवी धुताना हातांत रबरी मोजे व पायांत गमबूट असावेत, जागेवर कपडे धुण्याच्या ब्लीचिंग पावडरीचे पाणी ओतावे, आणि पायास भेग किंवा जखम असलेल्याने हे काम अंगावर घेऊ नये. त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत घरात कोणास ताप, पोटऱ्यांत कळा किंवा डोळ्यांत लाली आली, तर डॉक्टरांस 'घरच्या कुत्र्यास ही कावीळ झाली होती' हे त्यांनी न विचारताच सांगावे.